एदिल्साची नखं

एदिल्सा मला कधी आवडली नाही, आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्याबद्दल बोलताना बाकीच्या बायकांचे डोळे भरून येतात आणि मला तिथून उठून जावंसं वाटतं.

बारांकिया शहरातल्या एका इस्पितळात मी एकतीस वर्षं नर्स होते. त्यातली शेवटची चौदा केमोच्या खोलीत गेली. एदिल्सा तिथे पहिल्यांदा आली ती कार्निव्हल संपल्यानंतरच्या आठवड्यात. छातीतली गाठ काढून झाली होती, आता तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने सहा डोस घ्यायचे होते. बाई खुर्चीत बसली ती मंडपात बसावं तशी. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि हातांना इंच-इंच लांब डाळिंबी नखं. खोटी, चिकटवलेली. प्रत्येक नखावर एक सोनेरी चांदणी. कार्निव्हल उतरला होता, चांदण्या उतरल्या नव्हत्या.

बोटाला लावायचं यंत्र माझ्या हातात होतं, रक्तातला प्राणवायू मोजायचं. मी म्हटलं, "एका बोटाचं तरी नख काढावं लागेल. यंत्राला या रंगातून काही दिसत नाही."

तिने यंत्राकडे पाहिलंच नाही. माझ्या हातांकडे पाहिलं.

"सेन्यो, हे हात आहेत की कासवाची पाठ?"

आमच्याकडे शाळेतल्या बाईंना आणि नर्सला, दोघींना सेन्यो म्हणतात. तिने तो शब्द असा उच्चारला की मी दोन्हींच्या लायकीची नाही हे खोलीतल्या सगळ्यांना कळावं. चार पेशंट बायका हसल्या. त्या खोलीत हसू फार कमी वेळा येतं, म्हणून मी ते मोडलं नाही. यंत्र पायाच्या बोटाला लावायला गेले, तर तिथेही डाळिंबी. शेवटी कानाच्या पाळीला लावलं.

एदिल्सा लास निएवेस वस्तीतली. पंधराव्या वर्षापासून बायकांच्या हातापायांची नखं करत होती. दारापुढे बदामाच्या झाडाखाली एक बुटकं स्टूल, एक पाण्याचं तसराळं, आणि समोर अर्ध्या वस्तीचे पाय. ही बाई दिवसभर लोकांच्या पायाशी बसायची आणि तिथून सगळ्यांकडे वरून बघायची. तिच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, ज्यांची नखं तिने केली आहेत ती आणि गलिच्छ. डॉक्टर लेनिस, ज्यांनी हिचे उपचार ठरवले, त्या नखं खातात हे हिने पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. तेव्हापासून त्यांच्या सांगण्यावर हिचा विश्वास नव्हता.

नवऱ्याचं नाव विल्फ्रिदो. तो मासळीबाजारात बर्फ फोडायचा. ही लोकांना सांगायची, "त्यांचा शीतगृहाचा व्यवसाय आहे." पहिल्या दिवशी तो तिला सोडायला आला, तेव्हा तिने त्याला दाराबाहेरच थांबवलं. पाच तास तो बाहेरच्या बाकावर बसून होता. मी बाहेर गेले की उठून उभा राहायचा, जणू मी कुणी मोठी साहेबीण. पायात रबरी बूट, अंगाला बांगड्याचा वास. मी विचारलं, "आत येऊन बसता का?" तर म्हणाला, "नको सेन्यो. तिला वास आवडत नाही." तीस वर्षांचा संसार.

डोस सुरू करण्याआधी पेशंटला माहिती द्यायची ही माझी कामगिरी. मी सांगायला बसले. या औषधाने नखं दुखावतात, काळवंडतात, खालच्या मांसापासून सुटतात. म्हणून ती आखूड ठेवायची. खोटी नखं काढून टाकायची, कारण त्यांच्याखाली ओल साचते आणि काही झालं तर दिसत नाही. मुळाशी जी पातळ कातडी असते ती कापायची नाही, ती दारासारखी असते, तिथून जंतू आत शिरतात. पाण्यातलं काम हातमोजे घालून. रोज तेल किंवा व्हॅसलीन.

ती कौतुकाने ऐकत होती. शाळकरी मुलगी पाढे म्हणताना ऐकावं तसं.

"झालं? आता मी तुला इंजेक्शन कसं द्यायचं ते शिकवू?"

"तुमच्या भल्यासाठी सांगते आहे."

"सेन्यो, सदतीस वर्षं झाली मला या धंद्यात. कातडी न कापता नख करायचं म्हणजे भात न शिजवता ताटात वाढायचा. आणि माझीच नखं बोडकी दिसली तर माझ्यापुढे पाय कोण ठेवेल? टकल्या न्हाव्याकडे कुणी जातं का?"

पलीकडच्या खुर्चीतली बाई म्हणाली, "न्हावी टकलाच असतो बहुतेक." एदिल्साने तिच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही.

मी कागद तिच्या पर्सवर ठेवला. तिने त्याची घडी करून त्याने वारा घेतला.

केस गेले, तेव्हा ती लाल फेटा बांधून आली, नखांना शोभेल असा. दुसऱ्या डोसला नखं तशीच, रंग तेवढा बदललेला, जांभळा. तिसऱ्या डोसला ती हात पर्सखाली घालून बसली. मी ओळखलं. पाण्याची बाटली दिली, तर झाकण तिने दातांनी उघडलं. सदऱ्याचं वरचं बटण काढायचं होतं, तर म्हणाली, "तूच काढ, मला कंटाळा आलाय." मी काढलं. तिचे हात जवळ आले तेव्हा वास आला. अत्तर होतं भरपूर, पण त्याच्याखालून तो वास आलाच. इतक्या वर्षांच्या नोकरीत तो नाकाला ओळखीचा झाला होता.

"हात दाखवा."

"काही झालेलं नाही."

"दाखवा म्हटलं ना."

"तुझ्या कासवाच्या पाठी आधी दाखव."

मी सोडून दिलं. खोटं कशाला सांगू, डॉक्टरांना सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, भोग. हे माझ्या नोकरीत लिहिलेलं नव्हतं, पण मी ते केलं.

त्या डोसनंतर नवव्या दिवशी विल्फ्रिदो तिला घेऊन आला तो जवळजवळ उचलूनच. एकोणचाळीस ताप. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीतच. डॉक्टर लेनिसनी तिची बोटं उघडून पाहिली. एदिल्सा बाईसाहेब त्या सगळ्या आठवड्यांत रोज कामाला बसल्या होत्या. पाण्यात हात, ॲसिटोनमध्ये हात, आणि स्वतःचं एक नख उचललं गेलंय हे दिसू नये म्हणून त्याच्यावर नवा थर. डॉक्टरांनी खोटी नखं भिजवून भिजवून काढली. उजव्या अंगठ्याचं आणि अनामिकेचं खरं नखही खोट्याबरोबर निघून आलं. खाली पू. नखुरडं नव्हे, अख्खं बोट सुजलेलं.

ती ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली होती. विल्फ्रिदो पलंगाच्या पायथ्याशी बूट काढून उभा होता, कारण फरशी ओली होईल म्हणून. सहा दिवस ती इस्पितळात होती, नसेतून जंतुविरोधी औषध चालू होतं. चौथा डोस लांबला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्याआधी थोडं बरं वाटलं होतं, तेही सांगते.

चौथ्या डोसला ती आली ती अंगावर टॉवेल घेऊन, हात त्याच्याखाली. उरलेली आठ नखं बोटाच्या टोकाबरोबर कापलेली, बिनरंगाची, पिवळट, आडव्या रेषा पडलेली. बसल्या बसल्या तिने पर्समधून माझा तो कागद काढला. घड्या पडून मऊ झाला होता.

"हे कुणी लिहिलंय?"

"इस्पितळाने."

"'नखं स्वच्छ ठेवावीत.' म्हणजे लोक काय मुद्दाम घाण ठेवतात? आखूड ठेवा म्हणे. किती आखूड? मांसात घुसेपर्यंत? सरळ कापायचं की गोल, ते कोण सांगणार, याचा बाप? कानस एकाच दिशेने चालवायची असते, नाहीतर नखाचे पापुद्रे सुटतात. ते कुठे आहे यात? ॲसिटोनशिवायचं औषध मिळतं रंग काढायला, ते लिहिलंय? गाढवं."

मी मान डोलावली. कारण कागद खरंच भिकार होता.

"आणि हे शेवटी काय आहे? थंड हातमोजे?"

आता लाज वाटायची पाळी माझी होती. औषध चालू असताना बोटं गार ठेवली तर त्यांतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि औषध नखाच्या मुळापर्यंत कमी पोचतं. त्यासाठी गोठवून घालायचे खास हातमोजे असतात. आमच्या खोलीला कुणीतरी दोन जोड दान दिले होते. एक फाटला होता. दुसरा मुख्य नर्सच्या कपाटात कुलपात होता, फाटू नये म्हणून. तो फाटला नाही. कुणी कधी घातलाच नाही.

हे मी तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि पहिल्यांदाच तिच्या नजरेतला तुच्छपणा मला योग्य वाटला.

"म्हणजे पन्नास बायकांची नखं जाऊ द्यायची, हातमोजा वाचवायचा."

मग ती दाराकडे वळली आणि मोठ्याने हाक मारली, "विल्फ्रिदो!"

तो उंबऱ्यात आला. आत यायचं की नाही हे त्याला कळेना.

"ये आत. बर्फ आणशील का? बारीक चुरा केलेला."

"किती हवाय?"

"दोन हातांपुरता."

तो टोपी हातात धरून खोलीभर बघत राहिला. बारा खुर्च्या होत्या. "सगळ्यांनाच आणतो ना," तो म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला त्याच्या धंद्यातलं काही मागितलं होतं, त्यामुळे असेल, तो पळतच गेला.

डॉक्टर लेनिसना मी विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण उघड्या कातडीला बर्फ नको. आधी सुती हातमोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, मग बर्फ. औषधाच्या पाव तास आधीपासून, संपल्यावर पाव तासापर्यंत. बधिर झालं की हात बाहेर. आणि त्या दिवसापासून दर मंगळवारी आमच्या खोलीत मासळीबाजाराचे दोन पांढरे डबे येऊ लागले, आणि स्वतःचा डोस नसला तरी एदिल्साही. डबे घासून आणायचा विल्फ्रिदो, तरी थोडा वास यायचाच. एदिल्सा त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही.

पण तिचं तोंड बंद झालं असं कुणी समजू नये. आता तिला गिऱ्हाइकं मिळाली होती, तीही सलाईनला बांधलेली, पळून न जाणारी. स्वतःचे हात बर्फात घालून ती दुसऱ्यांवर डाफरायची. "ए, हात काढू नकोस. गार लागतंय म्हणे. नवऱ्याबरोबर वीस वर्षं काढलीस, तास दीड तास बर्फ सोसवत नाही?" स्वतःचा डोस संपला की स्टूल ओढून कुणाच्याही पुढे बसायची आणि बोट बोट तपासायची. "ही नखं कशाने कापलीस, सुरीने?" "भांडी घासताना हातमोजे घालतेस? खोटं बोलू नकोस, तुझ्या बोटांना साबण चिकटलाय. आधी सुती घाल, वर रबरी, नाहीतर आत घाम धरतो." "दुखलं, पिवळं झालं, सूज आली, तर रंग फासायचा नाही, सेन्योला दाखवायचं. रंग फासून काय होतं ते बघायचंय?" आणि ती अंगठा पुढे करायची. नख नसलेला अंगठा. एक बाई तर बघून ओकली. एदिल्सा म्हणाली, "चांगलं झालं. आता विसरणार नाही."

बायकांना ती आवडायची. हे मला कधी समजलं नाही.

एके मंगळवारी मी औषधं मोजत होते. मागे वळून पाहते तर हिने आकिलेओ आजोबांच्या मांडीवर बर्फाची पिशवी ठेवलेली आणि त्यांचा एक हात आत कोंबते आहे. आकिलेओ आजोबा आतड्याच्या कर्करोगाचे पेशंट. त्यांचं औषध वेगळं. त्या औषधावर माणसाला थंडी अजिबात चालत नाही, गार पाण्याचा घोट घेतला तरी घसा आवळल्यासारखा होतो, बोटांत विजेचे झटके येतात. आजोबा भिडस्त. बाईमाणूस एवढं करते आहे म्हणून हात पुढे केला होता आणि ओठ चावून बसले होते.

मी धावत जाऊन पिशवी ओढली. बर्फ सगळ्या खोलीभर झाला.

"तू डॉक्टर झालीस का गं?" मी म्हणाले. तोवर मी तिला नेहमी तुम्ही म्हणायचे. "कोणाला काय दिलंय ते तुला माहीत आहे? या माणसाला गार पाणी प्यायची बंदी आहे आणि तू त्याला बर्फात घालतेस? एक कागद वाचलास आणि पंडित झालीस? तुझ्या आगाऊपणाने तुझी दोन नखं गेली, दुसऱ्यांची बोटं तरी सोड."

मी आजोबांचे हात कोमट टॉवेलात गुंडाळले. ते म्हणत राहिले, "काही नाही सेन्यो, काही नाही." बोटं तासाभराने ठीक झाली. एदिल्सा खुर्चीत जाऊन बसली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. विल्फ्रिदोने गुडघ्यावर बसून एकेक खडा वेचला.

पुढच्या मंगळवारी ती कुणाकडेही बर्फ नेण्याआधी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "या बाईला चालेल?" मी हो म्हटलं. "त्या दुसऱ्या बाईला?" तिची बोटं थंडीने पांढरी पडायची, मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. क्षमा मागितली नाही. फक्त विचारायचं कधी विसरली नाही. आणि विचारताना तोंड असं करायची की जसं कडू औषध घेते आहे.

मेमध्ये मातृदिनाच्या आठवड्यात ग्रिसेल्दाबाई आल्या. शहराच्या उत्तरेला त्यांची तीन पार्लरं. बरोबर चार मुली गुलाबी कपड्यांत, एक फोटो काढणारा, आणि इस्पितळाचे व्यवस्थापक हसत हसत पुढे. ग्रिसेल्दाबाई खोलीत शिरल्या आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला, मग फोटोवाला आहे हे आठवून काढला.

"माझ्या शूर आयांनो," त्या म्हणाल्या, "आज तुम्हाला राणीसारखी नखं देणार आहोत. लांब, सुंदर, फुकट."

पेट्या उघडल्या. खोटी नखं, डिंक, नखं वाळवायचा तो निळा दिवा. डॉक्टर लेनिस त्या दिवशी सुटीवर होत्या. मी व्यवस्थापकांना म्हटलं की हे पेशंटना चालत नाही. ते म्हणाले, "सेन्यो नूरिस, थोडा आनंद घेऊ द्या बायकांना."

एदिल्साचा पाचवा डोस चालू होता. हात बर्फात. तिने बसल्या जागेवरून विचारलं, "बाई, ही नखं लावल्यावर खाली पू झाला तर कोण काढणार? तुम्ही की फोटोवाला?"

ग्रिसेल्दाबाईंनी वळून पाहिलं. "अगं, एदिल्सा ना तू? तू माझ्याकडे कामाला होतीस की काही दिवस. आयुष्यभर हेच तर केलंस."

"केलं. म्हणून विचारते."

"रंग माणसाला उभारी देतो गं."

एदिल्साने पिशवीतून हात काढला, सुती हातमोजा दातांनी ओढला आणि अंगठा वर धरला. "ही बघा उभारी. फोटो काढ रे याचा. छाप पेपरात. खाली लिही, ग्रिसेल्दाबाईंच्या धंद्यातली सदतीस वर्षं."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. ग्रिसेल्दाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही पेशंट फार कडवट झाली आहे." मी म्हटलं, "नाही बाई, ती आधीपासूनच तशी आहे. पण नखं लावायची तर डॉक्टरांची सही आणा."

सही आणायला कोण जातंय. त्या सगळ्या बाहेरच्या दालनात गेल्या. तिथे नातेवाइकांना, झाडूवाल्या बायकांना आणि व्यवस्थापकांच्या दोन कारकून बायकांना नखं लावली. कारकून बायकांच्या डोक्याला गुलाबी रुमाल बांधले. रविवारच्या पेपरात त्यांचा फोटो आला, 'कर्करोगाशी लढणाऱ्या माता'. त्यांतल्या एकीला मूल नाही आणि साधं पडसंही कधी होत नाही.

आमच्यातली एक तरुण पेशंट, येइमी, सलाईन संपल्यावर हळूच बाहेर जाऊन नखं लावून आली होती. पुढच्या मंगळवारी एदिल्साने पाहिलं. मला वाटलं आता काही खैर नाही. ती खूप बोललीच, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलता बोलता तिने पोरीचा हात मांडीवर घेतला होता. ती नखं ओढून काढली नाहीत. कानशीने घासून घासून पातळ केली, थोडा थोडा थर उतरवत, दोन तास. खालच्या नखाला धक्का लागू दिला नाही. तिच्या स्वतःच्या बोटांना तेव्हा कानस धरवत नव्हती, मधूनमधून ती हात झटकायची. येइमी रडत होती. एदिल्सा म्हणाली, "रडून काय होणार? तेल लाव."

जूनच्या सुरुवातीला तिचे सहा डोस पुरे झाले. आठ नखं टिकली. गेलेली दोन यायला सात-आठ महिने लागले. अंगठ्याचं नख जाडं आणि वाकडं आलं, कौलासारखं. ती पुन्हा स्टुलावर बसली, पण मुळाची कातडी कापायची तिने कायमची बंद केली. अर्धी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. "जाऊ देत," ती म्हणायची, "मूर्खांची बोटं मला नकोतच." मंगळवारी मात्र ती आमच्याकडे यायची, विल्फ्रिदोबरोबर, डबे घेऊन. तो आता आत बसायचा, बूट घालून. मी निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं आले ते दोघं, अजूनही जातात. कपाटातला तो हातमोज्यांचा जोड मुख्य नर्स निवृत्त झाली तेव्हा सापडला, रबर कडक होऊन त्याला भेगा पडल्या होत्या.

एवढ्या वर्षांत एदिल्साने माझे एकदाही आभार मानले नाहीत. मीही नाही. आम्ही कधी एकत्र कॉफी घेतली नाही. तिला मी ताठ वाटते, हे तिने मला तोंडावर सांगितलं आहे.

गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण नेल्सी त्याच औषधावर होती. मी निवृत्त झाले होते, तिच्याबरोबर दर वेळी जाणं गुडघ्यांमुळे जमायचं नाही. ती घरी येऊन सांगायची, "ती एदिल्साताई किती गोड आहे गं. मला काय काय बोलली, हसून हसून पोट दुखलं. तुझ्याबद्दल विचारत होती."

"काय विचारत होती?"

"तू अजून जिवंत आहेस का म्हणून."

नेल्सीची दहाही नखं शाबूत राहिली. मी तिला सांगितलं की त्यात विशेष काही नाही, बर्फ विल्फ्रिदो आणतो.